पाठवणीची तबकडी अडकली तेव्हा

वाचकांचे प्रश्न, एका जुन्या भोंगेवाल्याची उत्तरं

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. मी १९६८ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, फलटणला चुलत्यांच्या हाताखाली लाउडस्पीकरच्या धंद्यात लागलो. लग्नं, जत्रा, गणपती, निवडणुका, सगळं वाजवलं. पुढं १९८२ ते २००४ कॅसेटचं दुकान चालवलं. मला गाण्यातलं शास्त्र कळत नाही. कुठलं गाणं कोण मागतं, कधी मागतं आणि किती वेळा मागतं, एवढं कळतं. त्या बेतानं प्रश्न पाठवावेत.

प्रश्न : नातीचं लग्न डिसेंबरात आहे. पाठवणीच्या वेळी जुनी गाणी लावू म्हटलं, तर ती म्हणते, "आजी, रडकी गाणी नकोत. मला कुणी कुणाला देत नाहीये." तेव्हापासून मनात आहे, की आपल्या गाण्यांत हे माहेर इतकं का भरलंय? पुरुषांना माहेर नसतं का? आणि यादी मात्र द्याच.
— एक आजी, डोंबिवली

उत्तर : ताई, यादी शेवटी देतो. आधी नातीची बाजू घेतो, कारण ती जे म्हणते ते एका म्हातारीनं माझ्या देखत पन्नास वर्षांपूर्वीच म्हणून ठेवलंय.

१९७१ चा मे. आदर्कीच्या बाजूला एका गावात लग्न होतं. गावात वीज नव्हती, म्हणून आम्ही ट्रकची बॅटरी, आहुजाचं मशीन, दोन भोंगे आणि रेकॉर्डींची पत्र्याची पेटी बैलगाडीत घालून नेली होती. एक भोंगा लिंबाला, एक शाळेच्या कौलावर. धंद्यात क्रम ठरलेला असे. सकाळी बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई, मग भक्तिगीतं, पंगती बसल्या की सिनेमाची गाणी, मंगलाष्टकांना मशीन बंद, आणि पोरगी गाडीत बसायला निघाली की 'गंगा यमुना डोळ्यांत उभ्या का'. ही तबकडी पेटीत वेगळी, फडक्यात गुंडाळलेली असायची. चुलते म्हणायचे, "ही रेकॉर्ड म्हणजे आपलं बिदागीचं पाकीट." ती लागली, की मुलीचा बाप खिशात हात घालताना मोजत नसे.

त्या दिवशी चुलते हिशेबाला गेले आणि पिन ठेवायचं काम माझ्याकडं आलं. मी पिन ठेवली आणि पाणी प्यायला रांजणाकडं गेलो. वेशीपर्यंत सगळ्या बाया हुंदके देतायत, नवरी आईच्या गळ्यात, आणि तबकडीवर 'दिल्या घरी तू सुखी रहा' या ओळीपाशी ओरखडा होता, तिथं पिन अडकली. "दिल्या घरी… दिल्या घरी… दिल्या घरी…" भोंगा दोन्हीकडून तेच बोलायला लागला. मी पळत येईपर्यंत दहा-बारा वेळा झालं असेल. तेवढ्यात नवरीची एक आत्या, वय सत्तरच्या पुढं, भोंग्याकडं हात करून ओरडली, "आगं भवाने, दिली की आता! किती येळा सांगशील?" रडणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, नवरीसुद्धा हसली, आणि तशीच हसत गाडीत बसली. मला संध्याकाळी चुलत्यांची एक थोबाडीत मिळाली. सोबत धडाही मिळाला, की पाठवणीच्या वेळी पिनेच्या डोक्यावर पाच पैशाचं नाणं ठेवावं, वजनानं पिन उडत नाही.

तेव्हा 'दिल्या घरी' हे दोन शब्द खटकणारी तुमची नात काही पहिली नव्हे.

पण त्या गाण्याला नावं ठेवण्याआधी हे लक्षात घ्या, की ते नवरीसाठी लिहिलेलं नाहीच. ते आईचं गाणं आहे. बोलणारी आई आहे, आणि पोटच्या पोरीला जा म्हणण्याखेरीज तिच्या हातात काही नाही. पी. सावळाराम यांनी लिहिलं, वसंत प्रभूंनी चाल लावली, लताबाईंनी गायलं. सावळाराम मूळचे सांगली जिल्ह्यातल्या येडेनिपाणीचे, पुढं ठाण्याचे नगराध्यक्ष झाले. घरपट्टी आणि गटारं बघणाऱ्या माणसानं महाराष्ट्राच्या इतक्या आयांना रडवलं, याचं मला फार कौतुक वाटतं. 'कल्पवृक्ष कन्येसाठी लावुनिया बाबा गेला' हेही याच तिघांचं. तिथं तर मुलगी भरल्या घरात बसून गेलेल्या बापाला विचारते, बघायला याल का हो. लताबाईंच्या वडिलांची, मास्टर दीनानाथांची आठवण ठेवून ते लिहिलं असं सांगतात, आणि लताबाईंचा आवाज ऐकला की ते पटतं.

आता माहेर एवढं का? मी लग्नांत बघत आलो त्यावरून सांगतो. मुलगी तेरा-चौदाची, सासर दहा कोसांवर, नदीला पूल नाही, पावसाळ्यात वाट बंद. पत्र लिहिता येत नाही, आणि लिहिलं तरी आधी सासऱ्याच्या हातात पडणार. तिच्या आणि तिच्या आईच्या मधे निरोप नेणारं माणूसच नाही. मग निरोप वाऱ्याला सांगायचा. कृ. ब. निकुंब यांचं 'घाल घाल पिंगा वाऱ्या माझ्या परसात' नीट ऐका. कालिंदी केसकरांनी गायलंय. ती वाऱ्याला काय सांगते? आधी आईच्या कानात सांग, पोर सुखी आहे. हे पहिलं. रडणं त्याच्या नंतर. भादव्यात वर्ष होऊन गेलं, हे ती मोजून ठेवते. मग तिला आठवते कपिला गाय, तिचं खोडकर वासरू, परसातला पारिजातक. अख्ख्या गाण्यात नवरा शोधून सापडत नाही. नवरा वाईट असेल असं नाही, पण विषय तो नाही.

जात्यावरच्या ओव्यांतही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांत हिंडून १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. माझी आई पहाटे दळताना ज्या म्हणायची, त्यांत 'बंधू' हा शब्द मी शंभरदा ऐकला असेल, 'नवरा' क्वचित. कारण सोपं आहे. माहेरी न्यायला येतो तो भाऊ. तो आला तर सुटका, नाही आला तर पंचमी अशीच जाणार. न्यायला येणाऱ्याला आमच्याकडं मुराळी म्हणायचे, आणि नेण्याचं बोलावणं म्हणजे 'मूळ'. तुकोबांचं 'भेटीलागी जिवा' सगळ्यांना पाठ आहे, पण त्यातलं 'दिवाळीच्या मुळा लेकी आसावली' हे आता किती जणांना कळतं? दुकानात एका पोरानं मला विचारलं होतं, "काका, इथं झाडाच्या मुळाचा काय संबंध?" दिवाळीला न्यायला कोणी येतंय का म्हणून दाराशी डोळे लावून बसलेली पोर हा दाखला तुकोबांनी दिला, कारण समोर बसलेल्या प्रत्येक माणसाच्या घरात तशी एक पोर होती.

आणि भोंडल्याचं 'कारल्याचा वेल लाव गं सुने' हे तर मला रजेचा अर्ज वाटतं. वेल लाव, मग जा. वेल लावला? फूल येऊ दे. फूल आलं? कारलं येऊ दे. कारलं आलं? भाजी कर. केली? खा, उष्टं काढ, भांडी घास. साहेब बदलले, कारणं तीच. हे गाणं म्हणून मुली खदखदा हसायच्या, म्हणजे रडायचा विषय हसण्यावारी न्यायची रीत आपल्याकडं होतीच. तुमच्या नातीला हेच लावायला सांगा, ढोलकी घेऊन.

पुरुषांच्या माहेराचं म्हणाल, तर ते आहे, आणि आमच्या फलटणवरूनच त्याचा रस्ता जातो. ज्ञानोबांची पालखी लोणंद, तरडगाव करत आमच्याकडं मुक्कामाला येते. एका वर्षी विमानतळाच्या माळावर आमचं मशीन होतं. मी भीमसेन जोशींचं 'माझे माहेर पंढरी' लावलं. एकनाथांचा अभंग, राम फाटकांची चाल. ऐंशीच्या घरातला एक वारकरी भोंग्याखाली येऊन बसला. गाणं संपलं तसं म्हणाला, "पुन्हा लाव." चार वेळा लावलं. मग मला विचारतो, "आमच्या घरात सगळ्यास्नी म्हायेर हाय. बायकोला हाय, सुनांना हाय. मला कुठाय? म्हनून येतो." नाथांनी त्या अभंगात नातीसुद्धा लावून दिलीत. विठ्ठल-रखुमाई आईबाप, पुंडलीक भाऊ, चंद्रभागा बहीण. घर सोडून न गेलेल्या माणसालासुद्धा माहेर लागतं, हे वारकऱ्यांनी मान्य केलं. सिनेमानं मात्र पुरुषाला कधी माहेर दिलं नाही, फक्त मुलगी जाताना रडायला परवानगी दिली.

ती परवानगीही जुनी आहे. कालिदासाच्या 'शाकुंतल' नाटकाच्या चौथ्या अंकात कण्व ऋषी मानलेल्या लेकीला, शकुंतलेला, निरोप देताना कासावीस होतो, आणि म्हणतो, रानात राहणाऱ्या माझी ही दशा, तर संसारी बापांचं काय होत असेल. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'संगीत शाकुंतल' उभं केलं आणि हा निरोप मराठी गाण्यात आला. तिथून जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७९ च्या 'अष्टविनायक'मध्ये वसंतराव देशपांडे 'दाटून कंठ येतो' म्हणतात, तेव्हा तोच कण्व धोतर-कोट घालून उभा असतो. तालमीतला गळा, पण त्या गाण्यात वसंतरावांनी ताना आवरून धरल्यात. ते आवरणंच ऐकण्यासारखं आहे. हे गाणं आलं, आणि आमच्या 'गंगा यमुना'च्या फडक्यातली जागा त्यानं घेतली. आधी आया रडायच्या आणि बाप पाकीट काढायचे. आता बाप रडायला लागले. पाकिटावर त्याचा परिणाम झाला नाही.

मग संदीप खरे आणि सलील कुलकर्णींचा 'दमलेला बाबा' आला. त्यात मुलगी अजून लहान आहे, झोपलेली आहे, आणि बाप कामावरून उशिरा येऊन तिला गोष्ट सांगतोय. लग्न पुढं कधीतरी आहे, पण ताटातूट आत्ताच, रोज संध्याकाळी, ऑफिसमुळं. विषय तोच, अंतर बदललं. हे गाणं आलं तेव्हा माझं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, नाहीतर रोज दहा कॅसेटी भरल्या असत्या.

कॅसेटीवरून आठवलं. १९९१ ला 'माहेरची साडी' आला, तेव्हा आजूबाजूच्या खेड्यांतून बाया ट्रॉलीत बसून सिनेमाला यायच्या. जाताना माझ्या दुकानासमोर ट्रॉली उभी. पैसे रुमालाच्या गाठीतले. घरी टेप नाही अशा बायकांनीसुद्धा कॅसेट नेली. मी एकीला विचारलं, "वाजवणार कशावर?" ती म्हणाली, "भाऊ दिवाळीला टेप आणनार हाय." आणला की नाही, मला माहीत नाही.

पुढं एसटीडी बूथ आले, मग मोबाइल. आता मुलगी गाडीत बसल्या बसल्या आईला फोन लावते, "पोहोचले की करते." वाऱ्याला कोण निरोप सांगेल? हळदीला 'सैराट'मधलं 'झिंगाट' वाजतं आणि पाठवणीला डीजेवाला सामान आवरत असतो. मी तक्रार करत नाही. तुमच्या नातीला रडू येत नाही, कारण तिला रडवण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही, आणि हे चांगलंच झालं.

आता यादी. मुलीसाठी एकही रडकं गाणं लावू नका, तिनं सांगितलंय ते ऐका. ती गेली, पाहुणे पांगले, मांडवाचे बांबू उतरायला लागले, की तुमच्यासाठी 'घाल घाल पिंगा' लावा. मुलीच्या बाबांसाठी वसंतराव. आणि तुमचं कोणी परदेशात असेल तर एवढ्यात लावू नका, पण हाताशी ठेवा, 'या चिमण्यांनो परत फिरा रे'. माडगूळकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, १९६८ च्या 'जिव्हाळा'तलं. दुकानाच्या शेवटच्या वर्षांत हे गाणं तरुणांनी कधी मागितलं नाही. मागायची सत्तरीतली जोडपी, ज्यांची मुलं अमेरिकेत. एका निवृत्त मास्तरांनी सीडी भरून घेतली, पत्ता लिहिलेलं पाकीटही आणलं होतं, आणि काउंटरवर पाच मिनिटं उभे राहून सीडी पाकिटात न घालता पिशवीत टाकून घरी घेऊन गेले.

प्रश्न : मराठी पावसाच्या गाण्यांत पाऊस एवढा गोडगोड का? आमच्याकडं येऊन बघा म्हणावं. जूनपासून कपडे वाळत नाहीत.
— एक वाचक, राजापूर

उत्तर : तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण गाणं लिहिणाऱ्याचं गाव विचारा. 'नाच रे मोरा' आणि 'घन घन माला नभी दाटल्या' ही दोन्ही गदिमांची, म्हणजे ग. दि. माडगूळकरांची. एक १९५३ च्या 'देवबाप्पा'तलं, पु. ल. देशपांड्यांच्या चालीतलं. दुसरं १९६२ च्या 'वरदक्षिणा'तलं, वसंत पवारांच्या चालीवर मन्ना डे यांनी गायलेलं. आणि गदिमांचं गाव माडगूळ, आटपाडी तालुका, माणदेश. तिथं वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पडला तर लोक पेढे वाटतात. तुमच्याकडं ३,००० सहज. माणदेशातला माणूस ढगाकडं जसा बघतो, तसा कोकणातला बघूच शकत नाही. आमच्याकडं ढग आला तर बघत बसायचं असतं, कारण बहुतेक वेळा तो तसाच पुढं जातो. 'नभी दाटल्या' एवढ्यावरच आम्ही खूश. पडेल तेव्हा पडेल.

आता कोकणातल्या माणसाचं पावसाचं गाणं काढा. 'ये रे घना'. आरती प्रभू, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राईचे. चाल हृदयनाथांची, आवाज आशाबाईंचा. धृपदात तो पावसाला ये म्हणतो खरा, पण लगेच पुढं काय आहे? माझी फुलं नाजूक आहेत आणि वारा ती चुरगाळायला बघतोय. नको नको म्हणताना गंध रानावनात निघून गेला. हे ज्यानं वळचणीखाली उभं राहून बाग झोडपली जाताना पाहिलीय, त्यालाच सुचेल. आम्हा दुष्काळी लोकांना फुलं चुरगाळण्याइतका पाऊसच माहीत नाही.

१९७२ च्या दुष्काळात एका जत्रेत मी न कळत 'घन घन माला' लावलं. लोक खडी फोडायच्या कामावरून आले होते. कोणी काही बोललं नाही. एक जण नुसता भोंग्याकडं बघून म्हणाला, "थट्टा करतो व्हय रं?" त्यानंतर आमच्या पेटीत पावसाच्या तबकड्या सगळ्यात तळाला गेल्या. चांगला वळीव झाल्यावरच वर काढायच्या, असा चुलत्यांनी नियम केला.

प्रश्न : जुनी भावगीतं ऐकली की चंद्र, चांदणं, तारका, पुन्हा चंद्र. कवींकडं दुसरं काही नव्हतं का? माझ्या पिढीला हसू येतं.
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : हसा, पण ऐकून हसा. 'तोच चंद्रमा नभात' घ्या. माझ्या दुकानात लग्नाच्या वाढदिवसाला भेट म्हणून भरून घेतलेल्या कॅसेटींमध्ये हे गाणं हमखास पहिलं असायचं. नवरा स्वतःच्या अक्षरात यादी लिहून आणायचा, बायकोला न सांगता. मी मुकाट्यानं भरून द्यायचो. धंदा आहे, काय बोलणार. कारण शांता शेळक्यांनी त्यात म्हटलंय काय? चंद्र तोच, चैत्राची रात्र तीच, समोर तूही तीच, मीही तोच, सगळं जागच्या जागी आहे, पण ती धुंदी आता कुठं? वाळलेल्या फुलात मी उगाच वास शोधतोय. ही लग्नाच्या वाढदिवसाची भेट! जुन्या संस्कृत श्लोकावरून शांताबाईंना ही कल्पना मिळाली. बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, ते इतकं गोड गायलं की पंचवीस वर्षं कुणी शब्द ऐकलेच नाहीत. एकदाच एक बाई कॅसेट परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "ह्यांनी मुद्दाम भरून घेतलं का हो?" मी म्हटलं, "नाही वहिनी, चुकून माझ्याकडून भरलं गेलं." त्या जागी 'शुक्रतारा मंद वारा' भरून दिलं, पैसे घेतले नाहीत.

चंद्राचं एक साधं कारण तुम्हाला सांगतो, ते पुस्तकात नसतं. आमच्या लहानपणी गावात वीज नव्हती. रात्री दोन माणसांना एकमेकांचं तोंड दिसायचं ते पौर्णिमेच्या आगंमागं. कंदिलाच्या उजेडात घर दिसतं, माणूस दिसत नाही. मग प्रेमाच्या गाण्यात चंद्र नसेल तर काय ट्यूबलाइट असेल? तुमच्या गाण्यांत मोबाइल असतोच की. पन्नास वर्षांनी त्यालाही हसतील.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाला 'झुकझुक अगीनगाडी' शिकवतोय. त्यानं विचारलं, धुराच्या रेषा म्हणजे काय, आणि मामाच्याच गावाला का, काकाच्या का नाही?
— एक बाबा, पिंपरी

उत्तर : मुलगा हुशार आहे. काका घरातच असायचा ना. एकत्र कुटुंब, काकाच्या हातचा मार रोज मिळायचा, त्याच्याकडं वेगळं कशाला जायचं?

मामाचा गाव म्हणजे आईचं माहेर. डोंबिवलीच्या आजींना वर जे लिहिलं तेच हे गाणं आहे, फक्त पोराच्या तोंडून. आईला माहेरी जायचंय, पण ती तसं म्हणू शकत नाही. पोरानं मामाचा हट्ट धरला की काम झालं. माझी आई हे करायची. शाळेला सुट्टी लागली की मला कानात सांगायची, "आजीची लई आठवण येती म्हन." मी ओट्यावर बसलेल्या आजोबांना जाऊन सांगायचो. आम्ही गाडीनं नाही, एसटीनं आणि मग चालत जायचो, पण गाणं आगगाडीचंच म्हणायचो. माडगूळकरांनी ते लिहिलं तेव्हा वाफेची इंजिनं धावत होती. आता तसा धूर सहसा दिसत नाही, चित्रात दाखवा. आणि आधी मुलाच्या आईला विचारा, तिला कुठं जायचंय.

प्रश्न : माळ्यावर आजोबांची रेकॉर्डींची पेटी सापडली. पंचवीस-तीस काळ्या जाड तबकड्या आहेत, धूळ बसलीय. एक-दोन वाजतात पण अडकतात. टाकून द्याव्या का?
— एक वाचक, बारामती

उत्तर : टाकलंत तर मला कळवू नका.

काळ्या आणि जाड म्हणजे ७८ च्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावून पुसू नका, लाख विरघळते. मऊ ब्रशनं धूळ झाडा, फार झालं तर गार पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून फडक्यानं गोल पुसा, मधल्या कागदाला पाणी लागू देऊ नका. आडव्या रचून ठेवू नका, उभ्या ठेवा, आणि माळ्यावर पत्र्याखाली तर नकोच, उन्हानं वाकतात. हातातून पडली तर काचेसारखी फुटते. एलपीच्या, म्हणजे नंतर आलेल्या मोठ्या तबकडीच्या, नाजूक पिनेवर ७८ वाजवू नका, हिची खाच रुंद असते. चावीच्या ग्रामोफोनवर वाजवत असाल तर स्टीलची पिन एका बाजूला एकच. दुसऱ्या बाजूला नवी. तीच पिन चारदा घासली म्हणूनच ओरखडे पडतात, आणि मग भर मांडवात काय होतं ते वर वाचलंत.

अडकणारी वाजवून घ्यायची असेल तर रविवारी सकाळी फलटणला या. पिनांची अर्धी डबी माझ्याकडं शिल्लक आहे. पाच पैशाचं नाणंही आहे.